४६ मार्क आणि ती ईमेल

ताई,
मी मूळचा बार्शीचा. सोलापुरात मेकॅनिकल केलं, मग दोन वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडला आलो. मिडलँड्समधल्या एका सार्वजनिक विद्यापीठात ऑपरेशन्स मॅनेजमेंटचं एमएस्सी करतोय. घर गहाण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलंय. वडील एसटीतून निवृत्त झालेत. ख्रिसमसनंतर पहिल्या निबंधाचे मार्क आले, ४६. इथे ५० ला पास. दुसऱ्या निबंधाबद्दल ईमेल आली की टर्नइटिन या कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३८ टक्के साम्य आहे, अकॅडमिक मिसकंडक्टच्या, म्हणजे कॉपीच्या चौकशीच्या, बैठकीला या. नोव्हेंबरात माझी आजी गेली. जाता आलं नाही आणि इथे कुणाला सांगितलंही नाही. आठवड्याला २० तास टेकअवेमध्ये काम करतो, तरी पैसे पुरत नाहीत. मालक म्हणतो, वरचे तास रोखीत देतो. रूममेट म्हणतो, ओळखीतल्या माणसाचं डिलिव्हरीचं अकाउंट भाड्याने घे. घरी सगळं मस्त चाललंय म्हणून सांगतो. रात्री झोप लागत नाही. वर्गात कुणाला माझं नावसुद्धा माहीत नसेल. परत येऊ का?
(नाव छापू नये ही विनंती.)

प्रिय बार्शीकर,

परत येऊ नकोस. निदान आत्ता तरी तिकिटांचे दर बघणं थांबव. तुझ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत खऱ्या, पण तारीख पडली आहे ती एकीवरच, त्या बैठकीवर. म्हणून तिथूनच सुरू करते.

इंग्लंडमध्ये मी बरीच वर्षं शिकवलं आणि अशा बैठकांना टेबलाच्या पलीकडे बसले आहे. समोर येणाऱ्या बहुतेक मुलांनी ठरवून चोरी केलेली नसते. आपल्याकडे इंजिनिअरिंगला प्रोजेक्ट रिपोर्ट जसा तयार होतो, तसाच त्यांनी निबंध तयार केलेला असतो. चार वेबसाइट उघडायच्या, परिच्छेद उचलायचे, शब्द थोडे इकडचे तिकडे करायचे आणि शेवटी संदर्भांची यादी लावून द्यायची. आपल्या कॉलेजात त्यावर सही-शिक्का मिळतो. तिथे ते वाङ्मयचौर्य ठरतं, मागे यादी असली तरीही. कुठला विचार कुणाचा हे त्या त्या वाक्यापाशीच सांगावं लागतं आणि शब्द दुसऱ्याचे असतील तर अवतरणचिन्हं लागतात. तू नेमकं काय केलंस ते लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज असाच आहे.

३८ हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. टर्नइटिन फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. संदर्भसूची, निबंधाचा प्रश्न, पहिल्या पानावरचं ठरावीक घोषणापत्र, अवतरणं, सगळं त्यात मोजलं जाऊ शकतं. शिक्षक तो रंगीत अहवाल उघडून बघतात की सलग काय उचललंय आणि कुठून. तूही बैठकीआधी तो उघडून बघ. अहवाल पाठवला नसेल तर मागून घे, ते तुला द्यावंच लागतं.

मग स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्राला ईमेल कर. आजच कर. युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निवडणुका आणि घोषणा येतात, पण तिथल्या युनियनमध्ये पगारी सल्लागार असतात. त्यांचं कामच हे असतं. ते विद्यापीठापासून स्वतंत्र असतात, पैसे घेत नाहीत, नियमावली त्यांना पाठ असते आणि बहुतेक ठिकाणी ते तुझ्यासोबत बैठकीला येऊन बसू शकतात. तुझ्या उत्तराचा मसुदा वाचून दाखवतील की हे वाक्य काढ, हे ठेव.

बैठकीत खरं सांग. अमुक परिच्छेद मी या पानावरून घेतले, शब्द बदलले की आपलं होतं असं वाटत होतं, संदर्भ देण्याची पद्धत मला नीट कळली नव्हती, आता ग्रंथालयाच्या कार्यशाळेत नाव घातलंय. आणि नाव खरोखर घालूनच जा. कच्चे मसुदे, टिपणं, वर्डमधली फाइल बदलत गेल्याचा इतिहास असेल तर घेऊन जा. रडारड करू नकोस, मित्राने दिलं म्हणू नकोस, आणि कुणी सुचवलं तरी खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र चुकूनसुद्धा लावू नकोस. पहिल्याच सत्रातली पहिली चूक असेल तर अनेकदा ताकीद, मार्कांत कपात किंवा निबंध पुन्हा लिहून देणं, एवढ्यावर भागतं. प्रत्येक विद्यापीठाची शिक्षेची पायरी वेगळी असते, ती सल्लागार सांगेल. निर्णय घेताना नियम पाळले गेले नाहीत असं वाटलं, तर आधी विद्यापीठातच अपील आणि तेही संपल्यावर ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अॅडज्युडिकेटर नावाच्या स्वतंत्र संस्थेकडे तक्रार करता येते, फुकट. मात्र '४६ चे ५० करा' अशी तक्रार कुणीच ऐकणार नाही. मार्क किती द्यायचे हा शिक्षकांचा अधिकार, त्यात ती संस्थाही हात घालत नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. तुझ्या व्हॉट्सअॅपवर आता 'असाइनमेंट हेल्प'वाले येतील, आले नसतील तर. पैसे घेऊन निबंध लिहून देणं किंवा त्याची जाहिरात करणं हा इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे. घेणाऱ्या विद्यार्थ्यावर खटला भरत नाहीत, पण विद्यापीठ त्याला काढून टाकू शकतं. आणि ही मंडळी नंतर 'विद्यापीठाला कळवू' म्हणून त्याच विद्यार्थ्याकडून खंडणी मागतात. नंबर ब्लॉक कर.

आता ते ४६. आपल्याकडे डिस्टिंक्शन मिळवणाऱ्या मुलाला तिथे ५८ मिळाले की घरचं कुणी गेल्यासारखा तो बसून राहतो. तिथली मोजपट्टी निराळी आहे. एमएस्सीला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ७५ म्हणजे शिक्षक खूश झाले, आणि ८० च्या वरचे मार्क क्वचितच दिसतात. म्हणजे तू पासपासून चार मार्कांवर आहेस. सबंध पदवी १८० क्रेडिटची, त्यातले बहुधा ६० प्रबंधाचे, आणि हा निबंध एका मॉड्यूलचा, म्हणजे विषयाचा, एक भाग असेल. मॉड्यूलच्या माहितीपत्रकात बघ, त्याचं वजन किती. दुसऱ्या भागात बरे मार्क मिळाले तर कदाचित मॉड्यूल निघूनही जाईल. नाही निघालं तर पुन्हा देता येतं. तेव्हा बहुतेक ठिकाणी कितीही चांगलं लिहिलं तरी ५० च धरतात, पण पास ते पास.

मार्कांखाली शिक्षकांनी दोन-चार ओळी लिहिल्या असतील. तू पत्रात त्या दिल्या नाहीस, वाचल्या नसाव्यास. बहुतेक भारतीय मुलांच्या पहिल्या निबंधाखाली मी एकच शेरा पाहिला आहे, आणि लिहिलाही आहे: टू डिस्क्रिप्टिव्ह. वर्णन पुष्कळ, म्हणणं काहीच नाही.

तुझ्या विषयातलंच उदाहरण घेऊ. समज, प्रश्न होता की जस्ट-इन-टाइम, म्हणजे माल साठवून न ठेवता लागेल तेव्हाच मागवायच्या, पद्धतीच्या मर्यादांची चर्चा करा. आपला मुलगा सुरुवात करतो टोयोटापासून. ताइची ओहनो कोण, कानबान म्हणजे काय, सात प्रकारचा अपव्यय कोणता, फायदे असे, तोटे असे. अडीच हजार शब्द भरतात, माहिती सगळी बरोबर असते आणि मार्क ४६ पडतात. कारण हे सगळं तपासणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्याला बघायचं असतं की तू ती माहिती घेऊन काय करतोस. मार्च २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला, पुरवठादारांचे कारखाने बंद पडले आणि खुद्द टोयोटाचं उत्पादन कोलमडलं. त्यानंतर कंपनीने चिपसारख्या भागांचा काही महिने पुरेल एवढा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. पुढे २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई आली तेव्हा तिला इतरांपेक्षा बराच काळ तग धरता आला, तो त्यामुळे. मग प्रश्न असा की साठा ठेवणारी टोयोटा जस्ट-इन-टाइम सोडत होती की ते सुधारत होती? एक लेखक म्हणतो सोडत होती, दुसरा म्हणतो सुधारत होती, तुला कुणाचं पटतं आणि का? इथून निबंध सुरू होतो. ओहनोचं चरित्र दोन ओळींत उरकलं तरी चालतं.

आणि तू तर दोन वर्षं चाकणला काढली आहेस. पुरवठादाराचा ट्रक नाशिक फाट्याला अडकला म्हणून लाइन थांबली, सुपरवायझरने बोंब ठोकली, मग कुणीतरी गुपचूप चार दिवसांचा माल मागच्या शेडमध्ये लपवून ठेवायला सुरुवात केली. असलं काही तू पाहिलंच असशील. वर्गातल्या कितीजणांनी कारखान्याचा मजला पाहिलाय? बाविशीतली ब्रिटिश मुलं पुस्तकातूनच बोलत असतात. सेमिनारमध्ये तू हे एकदा सांग. इंग्रजी अडखळलं तरी सांग. त्या तासात शिक्षक तुझ्याकडे मान वळवून बघतील आणि तुझं नाव विचारतील. पत्रातली ती नाव माहीत नसल्याची ओळ मला ४६ मार्कांपेक्षा जास्त लागली.

तिथे कुणी आपणहून तुझ्याकडे येणार नाही. हजेरी बघतील, कारण तुझा व्हिसा त्यांच्या प्रायोजकत्वावर आहे आणि होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, त्यांना जाब द्यावा लागतो. पण तू गप्प का, जेवलास का, निबंध का फसला, हे कुणी विचारणार नाही. आपल्याकडे सर रागावतात, वर्गाबाहेर काढतात, घरी फोन लावतात, म्हणजे लक्ष असतं. तिथे प्रौढ माणसाच्या खासगी गोष्टीत पडायचं नाही असा शिरस्ता आहे. तू २४-२५ वर्षांचा, म्हणजे प्रौढ. मात्र तूच लेखी विचारलंस, तेही मुदतीच्या आत, की तीच माणसं आश्चर्य वाटावं इतकी मदत करतात. हे एक कळलं की तुझ्या निम्म्याअधिक अडचणींची वाट सापडते. प्रत्येक प्राध्यापकाचे आठवड्यात ऑफिस अवर्स असतात. त्या वेळी बऱ्याचदा तो एकटाच बसून असतो, कुणी येतच नाही. ४६ चा निबंध घेऊन जा आणि एवढंच विचार की पुढच्या वेळी यातलं पहिलं काय बदलू. पर्सनल ट्यूटर नेमलेला असेल, त्याला तीन ओळींची ईमेल टाक. 'रिस्पेक्टेड सर' लिहायची गरज नाही. डॉक्टर अमुक, किंवा त्यांनी पहिल्या तासाला नावाने हाक मारा म्हटलं असेल तर नावाने. आणि तीन ओळी म्हणजे तीनच. मोठी ईमेल तिथे कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

मदत मागताना उपकार मागतोय असंही वाटून घेऊ नकोस. ही विद्यापीठं सार्वजनिक म्हणवली जात असली तरी आपल्या राज्य विद्यापीठांसारखी सरकारने चालवलेली नाहीत. कायद्याने त्या स्वायत्त धर्मादाय संस्था आहेत आणि त्यांच्यावर ऑफिस फॉर स्टुडंट्स हा नियामक देखरेख ठेवतो. तिथल्या मुलांकडून पदवीला किती फी घ्यायची यावर सरकारची मर्यादा आहे, २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड. तुझ्या फीवर कसलीच मर्यादा नाही. अनेक विद्यापीठांचा जमाखर्च परदेशी मुलांच्या फीवर तगून आहे, आणि तरीही ठिकठिकाणी नोकरकपात चालू आहे. म्हणून वर्ग फुगलेत, शिक्षक दमलेत, आणि तुझ्यासारखा मुलगा दोनशेंच्या हॉलमध्ये हरवतो. तुझ्या वडिलांच्या घरावर काढलेल्या पैशातून त्या सल्लागारांचे पगार निघतात. हक्काने दार ठोठाव.

आजीचं वाचून वाईट वाटलं. त्या निबंधाची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरातच होती ना? मग तेव्हाच एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस नावाचा अर्ज करता आला असता. काही विद्यापीठं त्याला मिटिगेटिंग म्हणतात. जवळचं माणूस गेलं, आजारपण आलं, तर मुदतवाढ मिळते किंवा तो प्रयत्न धरला जात नाही आणि पुढच्या खेपेला पूर्ण मार्कांची संधी मिळते. आता उशीर झालाय, पण उशिरा केलेला अर्जही सबळ कारण असेल तर काही ठिकाणी घेतात. 'हा नियम असतो हेच माहीत नव्हतं' हे कारण सहसा पुरत नाही. 'दुःखात होतो, कुणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतो' हे पुरू शकतं, पण त्याला पुरावा लागतो. बार्शी नगरपरिषदेतून मृत्यूचा दाखला मागव. तो इंग्रजीतही असतो. नसला तर भाषांतर करून घे. सल्लागाराला मिसकंडक्टबद्दल भेटशील तेव्हाच हेही विचार. आणि दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नकोस. आजी गेली म्हणून कॉपी केली, असा सूर बैठकीत लागता कामा नये.

आता कामाचं. इथे मी सल्ला देत नाही, बजावते. २० तासांच्या वर एक तासही नाही. मर्यादा सोमवार ते रविवार अशी प्रत्येक आठवड्याची आहे. या आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्या आठवड्यात २५ चालत नाहीत. दोन ठिकाणी काम केलंस तर दोन्ही मिळून २०, बिनपगारी असलं तरी मोजतात. मालक रोखीत देतो म्हणजे नोंद होत नाही, आणि नोंद होत नाही म्हणजे त्याने पैसे बुडवले तर तू कुठेही जाऊ शकत नाहीस. हे त्याला पक्कं माहीत आहे. किमान वेतन २१ वर्षं आणि त्यावरच्यांना एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड आहे, त्याआधी १२.२१ होतं. रोखीचा भाव सहसा याच्या खूप खाली असतो. अधिकृत २० तासांची पावती दर वेळी मिळते का, तेही बघ.

डिलिव्हरीचं अकाउंट तर त्याहून वाईट. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार करताच येत नाही. स्वतःच्या नावाचं अकाउंट असतं तरी चाललं नसतं, इथे तर दुसऱ्याच्या नावावर. या कंपन्या आता रायडरचा चेहरा पडताळतात आणि इमिग्रेशनवाले रस्त्यात थांबवून कागद बघतात. सापडलास तर पदवी गेली, व्हिसा गेला, आणि पुढे अनेक देशांच्या अर्जांत 'व्हिसा रद्द झाला होता का' या रकान्यात आयुष्यभर 'हो' लिहायचं. रूममेटला यातलं काही माहीत नसेल असं मी धरून चालत नाही. कदाचित त्याला त्या भाड्यात वाटा मिळतो. आणखी एक, पदवीची मुलं उन्हाळ्यात पूर्ण वेळ काम करताना दिसतील. त्यांना सुट्टी असते. एमएस्सीवाल्याचा उन्हाळा प्रबंधाचा असतो आणि व्हिसाच्या हिशेबात तो सत्राचाच काळ धरला जातो. तेव्हाही २० च. अभ्यासक्रमाची अधिकृत तारीख संपल्यावर मात्र व्हिसा असेपर्यंत पूर्ण वेळ काम करता येतं.

मग पैसे कुठून आणायचे? तू व्हिसासाठी अर्ज केलास तेव्हा लंडनबाहेर राहणाऱ्यांना फीखेरीज महिन्याला १,१३६ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड दाखवावे लागत होते. तुझ्याकडे ते कर्जाच्या मंजुरीपत्रावर दाखवले गेले असतील. म्हणजे राहण्या-खाण्याची रक्कम मंजूर आहे. ती उचलली का? मी अशी कितीतरी घरं पाहिली आहेत की व्याज वाढू नये म्हणून वडील ती रक्कम न उचलता बँकेत तशीच ठेवतात, आणि पोरगं तिकडे पावावर दिवस काढतं, कारण त्याने घरी सांगितलेलं असतं की मस्त चाललंय. ते पैसे आता लागत आहेत. उचला. बऱ्याच योजनांत अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष एवढी सवलत असते, त्या काळात परतफेडीचा पूर्ण हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र चढत असतं. बँकेत जाऊन नेमक्या अटी वडिलांनी विचाराव्यात.

याशिवाय विद्यापीठाचा हार्डशिप फंड, म्हणजे पैशांच्या अडचणीतल्या मुलांसाठीचा निधी, असतो. तो फक्त ब्रिटिश मुलांसाठी असतो असं समजू नकोस, बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलांसाठी त्यात वेगळी तरतूद असते. रक्कम मोठी नसेल, पण परत करायची नसते. फीचा हप्ता राहिला असेल तर वित्त विभागाला आधी लिहून हप्ते पाडून मागता येतात. मुदत उलटल्यावर कुणी ऐकत नाही. पूर्ण वेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) लागत नाही, घरमालक खोलीभाड्यावर तो वेगळा लावत असेल तर विद्यापीठाचं प्रमाणपत्र दाखव. खोलीसाठी दिलेलं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ३० दिवसांत जमा करणं घरमालकावर सहसा बंधनकारक असतं, कुठल्या योजनेत आहे ते विचारून ठेव.

झोपेचं हलक्यात घेऊ नकोस. व्हिसाबरोबर तू आरोग्य अधिभार भरलायस, वर्षाला ७७६ पौंडांच्या दराने. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी केलीस का? नसेल तर याच आठवड्यात कर, तपासणीचे पैसे लागत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी चारला अंधार पडतो. बार्शीच्या उन्हात वाढलेल्या शरीराला तो सोसत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विद्यापीठाची समुपदेशन सेवा असते, तिथे प्रतीक्षा यादी असू शकते, म्हणून नाव आताच घाल. आणि कुठल्या रात्री असह्य झालं, जिवाचं काही करावंसं वाटलं, तर १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवड, किंवा समॅरिटन्सचा ११६ १२३ लाव. फुकट आहे, रात्रभर उचलतात.

परत येण्याचा विचार तरीही डोक्यातून जात नसेल, तर काय होतं ते समजून घे. तू अभ्यासक्रम सोडलास की विद्यापीठ होम ऑफिसला कळवतं आणि तुझा व्हिसा सहसा ६० दिवसांवर आणून ठेवतात. फी किती परत मिळेल हे तू कुठल्या तारखेला सोडतोस यावर असतं आणि दुसरं सत्र सुरू झाल्यावर ती बहुधा फारच थोडी असते. काही महिने खंड घेऊ म्हणालास तरी ६० दिवसांहून मोठ्या खंडात व्हिसा सहसा टिकत नाही. म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जा. तिथे समाधान नाही झालं तर परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या युकिसा या संस्थेची सल्ला सेवा आहे. शिवाय सगळंच फसलं तरी हात रिकामे राहत नाहीत. १२० क्रेडिट झाले तर पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा मिळतो, ६० झाले तर सर्टिफिकेट.

आणि पूर्ण केलंस तर तारखेकडे लक्ष ठेव. शिकून झाल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच. विद्यापीठाने तू उत्तीर्ण झाल्याचं होम ऑफिसला कळवल्याशिवाय अर्जच करता येत नाही. म्हणजे फेरपरीक्षा उन्हाळ्यातच उरकायची आणि प्रबंध वेळेत द्यायचा. प्रबंध लांबला तर सहा महिने हातचे जातील. त्यापुढे कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवशिक्यांना ३३,४००, आणि कंपनीकडे परदेशी माणूस नेमण्याचा परवाना हवा. तो डोंगर मोठा आहे. एजंटने तुला तो टेकडी म्हणून दाखवला असेल. तिथेच नोकरी लागेल हे धरून कर्ज फेडायचा हिशेब मांडू नकोस. चाकण, रांजणगाव, तळेगाव इथल्या कंपन्यांत तू या पदवीवर किती पगार मागू शकशील, तो आकडा धरून मांड. जुन्या वरिष्ठांना आत्ताच एक फोन करून ठेवायला हरकत नाही.

घरी सांगायचं राहिलं. रविवारी सांग, आईला नको, आधी वडिलांना. आयुष्यभर एसटीत काढलेल्या माणसाला गाडी घाटात बंद पडणं नवीन नाही. त्यांना 'सगळं संपलं' असं सांगू नकोस आणि 'किरकोळ आहे' असंही नाही. एका निबंधात चार मार्क कमी पडले, लागलं तर पुन्हा देणार आहे. एका निबंधाची चौकशी आहे, अमुक तारखेला, सोबत सल्लागार असेल. राहण्याच्या खर्चाची कर्जातली रक्कम बँकेतून उचलायची आहे. बस. ते पहिल्यांदा गप्प बसतील, मग बहुधा विचारतील की जेवतोस का. याचं खरं उत्तर दे. मालकाची रोख आणि रूममेटची ऑफर तू नाकारलीस हेही सांगून टाक, म्हणजे नंतर फिरवणं तुला जड जाईल.

टेकअवेत शनिवारी रात्रीची पाळी असेल तर ती बैठकीच्या आदल्या दिवशी येत नाही ना, तेवढं बघ. येत असेल तर बदलून घे.

तुझी,
ताई